‘आम्ही मूळचे सरदार’ हे कागदावर सिद्ध करायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मूळचे नगर जिल्ह्यातले, राहतात पुण्यात. आजोबा सांगायचे की आपण पेशवाईतले सरदार, आपला एक पूर्वज पानिपतावर पडला. घरात एक तलवार आहे आणि देवघराखालच्या पेटीत दोन जुने कागद आहेत, एक छापील आणि एक मोडी. आता मुलाचं लग्न ठरलंय, पत्रिकेत नावाआधी ‘श्रीमंत सरदार’ छापावं असं भावकीचं म्हणणं आहे, आणि कुणीतरी ३५ हजार रुपयांत ‘राजघराण्याचं प्रमाणपत्र’ द्यायला तयार आहे, होलोग्राम आणि फ्रेम केलेल्या वंशवृक्षासकट. घ्यावं का, आणि नसेल घ्यायचं तर खरं प्रमाणपत्र कोण देतं?

मी मोडी वाचायचं आणि घराण्यांच्या वंशावळी कागदाला कागद लावून तपासायचं काम २७ वर्षं करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे ते प्रमाणपत्र घेऊ नका. पैसे जातात ते एक वेळ सोडा, पण त्यातला वंशवृक्ष फ्रेममधे भिंतीवर लागतो, दहा वर्षांनी नातवंडं तोच खरा धरतात, मग कुणी नेटवर टाकतं, आणि पुढं खरं शोधायला बसलेल्या माणसाला आधी तो खोटा वंशवृक्ष पुसायला लागतो, आणि घरातली म्हातारी माणसं दुखावतात ती वेगळीच. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता कुणी फोनवर ‘सर्टिफिकेट आहे आमच्याकडं’ म्हणालं की पोटात गोळा येतो.

दुसरं, सरदारकीचं किंवा राजेपणाचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आज भारतात कुणालाच नाही. राज्यघटनेच्या १८व्या कलमानं सरकारला लष्करी आणि शैक्षणिक सन्मान सोडून कसलाही किताब देता येत नाही. ज्यांना सरकारनं संस्थानिक म्हणून रीतसर मान्यता दिलेली होती त्यांचीसुद्धा मान्यता आणि तनखे १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीनं संपले. म्हणजे जे खरोखर गादीवर होते त्यांच्या वारसांना आज सरकार ‘महाराज’ म्हणून लिहून देत नाही, तर तुम्हाआम्हाला ‘सरदार’ म्हणून कोण लिहून देणार. गॅझेटमधे नाव बदलून मधे ‘राजे’ घालून घेता येतं, बरेच जण घेतात, पण ते फक्त नाव बदलल्याची नोंद असते, घराण्याचा पुरावा नसतो. पत्रिकेत काय छापायचं तो तुमच्या घरचा प्रश्न, त्यात मी पडत नाही.

मग सिद्ध काय होतं? दोन गोष्टी होतात आणि त्या वेगवेगळ्या ठेवायच्या. एक, तुम्ही अमुक माणसाचे वंशज आहात. दोन, त्या अमुक माणसाकडं अमुक पद किंवा सरंजाम किंवा वतन होतं. लोक दुसरी गोष्ट आधी धरतात. पुस्तकात आपल्या आडनावाचा सरदार सापडला की तोच आपला पूर्वज, असं ठरवून मोकळे होतात. अहो, एका आडनावाची शेकडो घरं असतात, एकाच गावात एकाच आडनावाच्या तीन वेगळ्या भावक्या असतात ज्यांचं कुळदैवतसुद्धा एक नसतं. आडनाव हा पुरावा नाही, फार तर कुठं शोधायचं त्याची खूण आहे.

म्हणून शोध कायम आपल्यापासून सुरू करून वर जायचं, पानिपतापासून खाली यायचं नाही. तुमचा जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या वेळचे फेरफार. फेरफार म्हणजे नमुना ६, आणि वारसांची चौकशी असते ती ६ क मधे. आजोबा वारले तेव्हा जमिनीवर कुणाकुणाची नावं लागली ते त्यात येतं, सगळी भावंडं, विधवा बायका, कधी कधी दत्तक, सगळं. त्याच्यामागं जन्ममृत्यूची नोंदवही, नमुना १४, ज्याला गावाकडं कोतवाल बुक म्हणतात, ती बऱ्याच तालुक्यांत मोडीतच आहे. कुणबी नोंदींच्या शोधामुळं गेल्या काही वर्षांत हे शब्द घरोघरी पोचलेत, पूर्वी मला प्रत्येकाला समजावून सांगायला लागायचं. तुमच्या तालुक्यातली ही दफ्तरं कदाचित स्कॅनही झाली असतील, आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा.

इथपर्यंत साधारण १८८०-९० पर्यंत पोचता येतं. त्याच्या मागं गेलं की इनामाचे, म्हणजे सरकारनं दिलेल्या वंशपरंपरागत जमिनीचे, कागद लागतात, आणि इथं तुमच्या पेटीतल्या पहिल्या कागदाचा विषय येतो. तुम्ही लिहिलंय की तो छापील आहे, अर्धा इंग्रजी अर्धा मराठी, त्यात गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर आहेत, आणि घरात सगळे त्याला ‘शाहू महाराजांची सनद’ म्हणतात. सर्व्हे नंबर दिसला की कागद इंग्रजी अमदानीतला, यात शंका ठेवू नका, कारण जमिनीची मोजणी होऊन नंबर पडले तेच मुळी इंग्रजांच्या काळात. तुमचा कागद बहुतेक १८६३ च्या कायद्याखालची सनद असणार. त्या वर्षी मुंबई सरकारनं इनामांसाठी दोन कायदे केले, २ नंबरचा आणि ७ नंबरचा, आणि इनामदारांना सांगितलं की ठरलेली सालाना रक्कम भरा, आम्ही खोलात चौकशी करत बसत नाही, इनाम तुमच्याकडं चालू ठेवतो. ज्यांनी ते मानलं त्यांना अशा छापील सनदा मिळाल्या आणि अशा सनदा घरोघरी आहेत. लोकांना हे सांगितलं की वाईट वाटतं. पण मी म्हणतो वाईट कशाला वाटून घ्यायचं, हा कागद सोन्यासारखा आहे. त्यात १८६० च्या दशकातल्या तुमच्या पूर्वजाचं नाव बापाच्या नावासकट आहे. मधली एक पक्की पायरी तुमच्या पेटीतच पडून आहे!

त्याच्यावरची पायरी म्हणजे इनाम कमिशन. १८५२ च्या ११ नंबरच्या कायद्यानं हे कमिशन बसलं आणि दख्खनातल्या इनामदारांना हुकूम झाला की तुमचा हक्क कुठून आला ते सांगा आणि कागद दाखवा. लोकांचं फार नुकसान झालं त्यात, किती घरांची इनामं गेली, १८५७ च्या आधीच्या असंतोषात त्याचा मोठा वाटा होता. पण वंशावळ शोधणाऱ्याला तेच दफ्तर सगळ्यात उपयोगी, कारण प्रत्येकाला कैफियत लिहून द्यावी लागली. मूळ पुरुष कोण, इनाम कुणी दिलं, कोणत्या साली, त्याचे लेक किती, थोरली पाती, म्हणजे शाखा, कोणती, धाकटी कोणती, कोण निपुत्रिक वारलं, दत्तक कोण घेतला, हे सगळं माणसानं तोंडानं सांगितलेलं आणि कारकुनानं लिहून घेतलेलं. आणि मग सरकारी माणसांनी ते पेशवे दफ्तरातल्या हिशेबांशी ताडून बघितलेलं, हे महत्त्वाचं. म्हणजे १७० वर्षांपूर्वी तुमच्या घराण्याची उलटतपासणी झालेली आहे आणि तिचा कागद शिल्लक असू शकतो.

हे सगळं पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण अजून पेशवे दफ्तरच म्हणतो. तिथं कागद रुमालात असतात, रुमाल म्हणजे कापडाचं मोठं गाठोडं, आणि एकेका रुमालात शेकड्यानं कागद. पहिल्यांदा रुमाल सोडला तो दिवस मला अजून आठवतोय. घडी उलगडली तर टेबलावर काहीतरी बारीक चमकणारं सांडलं, मला वाटलं कीड लागलीय. शेजारी बसलेले एक वृद्ध अभ्यासक म्हणाले, अरे वाळू आहे ती, शाई वाळावी म्हणून टाकलेली. त्या कारकुनानं दोनशे वर्षांपूर्वी टाकलेली वाळू घडीतच होती, म्हणजे तेव्हापासून तो कागद कुणी उघडलाच नव्हता. तेव्हापासून मी घडी उलगडताना खाली पांढरा कागद धरतो आणि ती वाळू परत घडीत सोडतो.

आता वाचताना सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे नावांची पुनरावृत्ती. आपल्याकडं आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळं खंडोजी-मल्हारजी-खंडोजी-मल्हारजी अशी माळच चालते. त्यात तुमचा खरा साक्षीदार म्हणजे ‘बिन’ हा शब्द. खंडोजी बिन मल्हारजी, म्हणजे मल्हारजीचा मुलगा खंडोजी. नुसता खंडोजी सापडला तर त्याला धरू नका. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात हीच चूक झाली. एका घराण्याचे दोन खंडोजी मी एकच धरले आणि मधल्या दोन पिढ्या गाळल्या. त्यांनी ती वंशावळ दगडावर कोरून वाड्याच्या दारात बसवली. चार वर्षांनी दुसऱ्याच कामात असताना दुसरा खंडोजी ‘बिन’सकट समोर आला. मी त्यांच्या घरी गेलो, सांगितलं, दगड माझ्या खर्चानं बदलून दिला. तेव्हापासून एक हिशेब मी आधी करतो. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरायची. १६८० पासून २००० पर्यंत ३२० वर्षं, म्हणजे अकरा ते तेरा पिढ्या यायला पाहिजेत. कुणी सात पिढ्यांची वंशावळ घेऊन शिवकाळापर्यंत जात असेल तर मधे माणसं गळालीत, आणि पंधरा-सोळा येत असतील तर भावाभावांना बापलेक करून टाकलेलं असतं.

तुमचा दुसरा कागद मोडीतला आहे, हातकागदावरचा, खाली गोल शिक्का. तुम्ही पहिल्या तीन ओळींचा फोटो पाठवलाय, त्यात मला एवढं दिसतंय: शके १६८६ तारणनाम संवत्सरे, आणि पुढं सु॥ खमस सितैन मया व अलफ. आता हे बघा कसं तपासायचं. खमस म्हणजे पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, झाले ११६५. हा सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत चालणारी अरबी आकड्यांची कालगणना, ‘सु॥’ ही त्याचीच खूण. त्यात ५९९ मिळवले की १७६४, आणि सुहूर सन मृगाला म्हणजे मे-जूनच्या सुमाराला बदलतो, त्यामुळं १७६४-६५. शके १६८६ मधे ७८ मिळवले तरी १७६४. आणि शके १६८६ ला संवत्सर तारणच येतं. तिन्ही जुळतात, चांगली खूण आहे. बनावट कागद करणारा माणूस नेहमी इथंच अडकतो, त्याला शक माहीत असतो पण संवत्सर चुकतं, किंवा अरबी आकडे उलटसुलट होतात.

पुढची ओळ स्पष्ट आली तर तिथं ‘छ’ आणि मुसलमानी महिना असेल, छ म्हणजे चंद्र, आणि अनेकदा आपली तिथीही असते. या दोन्ही गोष्टी चंद्रावरच चालतात. मुसलमानी महिना चंद्रदर्शनाला सुरू होतो आणि आपला शुद्ध पक्ष अमावास्येनंतर, त्यामुळं दोन्हींत एकदोन दिवसांचाच फरक पडतो. शुद्ध चतुर्दशी असेल तर छ १२ किंवा १३ पाहिजे. शुद्ध पंचमी आणि छ २५ असं एका कागदावर दिसलं तर तो कागद बाजूला ठेवायचा, एवढी साधी परीक्षा आहे पण विकायला आलेले निम्मे कागद इथंच नापास होतात.

मग शिक्का. १७६४-६५ म्हणजे थोरले माधवराव. त्यांच्या शिक्क्यात ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान माधवराव बल्लाळ प्रधान’ असं पाहिजे, कारण तेव्हा साताऱ्याच्या गादीवर रामराजे होते. ‘राजा शाहू नरपति’ असं दिसलं तर गडबड आहे, थोरले शाहू महाराज १७४९ लाच वारलेले. शेवटी मोर्तबाचा छोटा शिक्का, पेशव्यांचा असेल तर ‘लेखनसीमा’. मोर्तब मजकूर संपतो तिथंच असतं, नंतर कुणी ओळ घुसडू नये म्हणून. मोर्तबाच्या खाली किंवा समासात बारीक अक्षरात एखादं गाव वाढवलेलं दिसलं तर ते नंतरचं. कागद आधी आणि मजकूर मागाहून असंही असतं, म्हणजे जुना कोरा कागद घेऊन त्यावर लिहिलेलं. त्यात अक्षराचं वळण बघायचं. बोरूनं लिहिलेल्या मोडीत जाडबारीक रेषा एका लयीत येतात, हात न उचलता ओळच्या ओळ जाते. टाकानं किंवा आजच्या कट निबनं नक्कल केली की प्रत्येक अक्षर सुटं आणि घाबरलेलं दिसतं. हे शब्दांत नीट सांगता येत नाही, दोनतीनशे अस्सल कागद डोळ्याखालून गेले की कळायला लागतं.

आणि एक, तुमचा कागद अस्सल निघाला तरी तो कसला आहे ते बघावं लागेल. सरंजाम आणि इनाम यात लोक घोळ करतात. इनाम वंशपरंपरेनं चालायचं. सरंजाम म्हणजे फौज ठेवण्यासाठी लावून दिलेला महसूल, चाकरी आहे तोवर, आणि बाप मेला की मुलाला नजर म्हणजे नजराणा भरून नव्यानं करून घ्यावा लागायचा, सरकार काढूनही घेऊ शकायचं. म्हणून सरदारकी आपोआप वारशानं येत नव्हती, पेशवाईतसुद्धा नव्हती. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण ही वतनं, ती वारशानं यायची, पण ती सरदारकी नव्हे. आणि खरं सांगू का, अनेक देशमुख घराण्यांची त्यांच्या परगण्यात पगारी सरदारापेक्षा खोल मुळं होती. पण लोकांना ‘सरदार’ हवं असतं. इंग्रजांनी नंतर दख्खनच्या सरदारांची तीन वर्गांत यादी केली, पुण्यात त्यांच्यासाठी एजंट होता, वारसाचं नाव सरकारनं मान्य केलं की ते यादीत चढायचं. त्या छापील यादीत तुमच्या घराण्याचं नाव असेल तर १९४७ आधीच्या काळापुरता तो अधिकृत पुरावा आहे. नसेल तर पेशवाईत सरदार नव्हते असं होत नाही, मधल्या काळात बरीच घराणी गळाली.

पानिपताचं सांगतो. आमचा पूर्वज पानिपतावर पडला ही गोष्ट महाराष्ट्रात असंख्य घरांत आहे, आणि त्यातली बरीच खरीही असतील, १४ जानेवारी १७६१ ला इतकी माणसं गेली की नुकसान घरोघरी पोचलं. पण ते तपासायची एक जागा आहे. कामी आलेल्या माणसाच्या लेकरांना सरकारातून बालपरवेशी मिळायची, म्हणजे मुलं वाढवायला नेमणूक किंवा जमीन. तुमचा मोडी कागद पानिपतानंतर तीनचार वर्षांनी झालेला आहे. त्यात ‘बालपरवेशी’ किंवा ‘हुजूरचे कामावर पडले’ असे शब्द आहेत का ते मी आधी बघणार आहे. तसं निघालं तर आजोबा सांगायचे ते शब्दशः खरं ठरेल. हे लिहितानासुद्धा मला उत्सुकता लागून राहिलीय.

कुणी म्हणेल एवढं कशाला ताणायचं, पूर्वी लोकांचा शब्द चालत नव्हता का. चालत होता, पण तेव्हाही परीक्षा होतीच, आणि कडक होती. वतनाच्या भांडणात गोतसभा म्हणजे गावच्या आणि परगण्याच्या वतनदारांची सभा बसायची, महजर म्हणजे तिच्या निवाड्याचा कागद व्हायचा, सगळ्या बलुत्यांच्या निशाण्या पडायच्या, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर दिव्य. रवा दिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा आणि हात बांधून ठेवून काही दिवसांनी बघायचा. छत्रपतींच्या घरालासुद्धा हे चुकलं नाही. १७०७ मधे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा ताराबाईंनी हे तोतया आहेत असं म्हटलं, आणि लोकांची खात्री पटावी म्हणून परसोजी भोसले त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले. तेव्हाच्या समाजात याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं. पुढं शाहू महाराजांना मुलगा नाही म्हटल्यावर ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू म्हणून पुढं आणला, आणि १७५२ मधे जेजुरीला खंडोबासमोर तोच आपला नातू नव्हे असं सांगितलं. त्यांचं कोणतं म्हणणं खरं यावर अजून इतिहासकार बोलतात. आणि पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आला, त्यानं इतकी माणसं गोळा केली की शेवटी १७७६ मधे त्याला धरून मारावं लागलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी त्या सगळ्या वर्षांत काय सोसलं असेल. एखादा माणूस ‘मी अमुक’ म्हणून उभा राहिला की किती जणांचं आयुष्य हलतं, हे मला हा सगळा पत्रव्यवहार वाचताना कायम जाणवतं, म्हणून खोट्या वंशावळी मला गंमत वाटत नाही.

दत्तकाचं वेगळं बघायचं. कायद्यानं दत्तक मुलगा पूर्ण वारस, घराण्याचं नाव, देवपूजा, वतन सगळं त्याला. म्हणून वंशावळीत त्याला सरळ मुलगा म्हणून लिहायचं, पण शेजारी ‘द.’ अशी खूण करायची, लपवायचं नाही. लपवाछपवीचं काय होतं त्यासाठी ताई महाराज खटला आठवा. पुण्याच्या सरदार बाबा महाराजांच्या मागं १९०१ मधे औरंगाबादला दत्तक झाला की नाही, एवढ्या एका प्रश्नावर त्यांचे विश्वस्त असलेल्या लोकमान्य टिळकांना खोट्या साक्षीच्या आरोपापर्यंत जावं लागलं, आणि प्रिव्ही कौन्सिलचा निकाल त्यांच्या बाजूनं लागायला १९१५ उजाडलं. दत्तविधानाच्या एका कागदाची किंमत चौदा वर्षं.

डीएनएबद्दलही विचारलंय तुम्ही. करा हवं तर, पण त्यातून सरदारकी निघत नाही. दोन भावक्या एकाच मूळ पुरुषाच्या आहेत का हे पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरून बऱ्यापैकी कळतं, आणि ब्रिटनमधे २०१६ ला प्रिंगल घराण्याच्या बॅरोनेट किताबाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलनं डीएनएचा पुरावा धरून दिला. पण तिथं किताब कायद्यानं जिवंत आहे, कागदांची साखळी होती, आणि प्रश्न एका ठरावीक जन्माचा होता. तिसऱ्या रिचर्डचे अवशेष २०१२ मधे सापडले तेव्हा आईकडची साखळी जुळली आणि बापाकडच्या वंशजांची जुळली नाही, म्हणजे मधे कुठंतरी मुलगा दुसऱ्याचा होता. आपल्याकडं तर घरोघर दत्तक आहेत, तिथं रक्त एक सांगणार आणि वतनाचा कागद दुसरं सांगणार, आणि दोन्ही आपापल्या जागी खरं असणार. चाचणी करायच्या आधी घरात बसून हे बोलून घ्या.

भाट, हेळवी आणि तीर्थोपाध्ये यांना मात्र विसरू नका. दक्षिण महाराष्ट्रात बैल घेऊन येणारे हेळवी अजून पिढ्या म्हणून दाखवतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्यांत तुमच्या पणजोबांनी स्वतः येऊन नावं लिहिलेली असतात, कधी कधी त्यांच्याच हातची सही. मी दोन्हींत फरक करतो. उपाध्यांच्या वहीतली नोंद त्या दिवशी त्या माणसानं केलेली असते, म्हणून वजनदार. हेळव्याची आणि भाटाची वंशावळ अलीकडच्या पाचसहा पिढ्यांना बहुतेक बरोबर असते, त्यामागं ती सूर्यवंशात किंवा रजपुतान्यात जाते. ते तसं जायचंच, त्या काळी मोठ्या घराण्यांना हवंही असायचं. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मधे कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास बघा, एवढा प्रचंड मराठी शिलालेख, पण त्यातला फार जुन्या काळचा भाग इतिहासकार जसाच्या तसा धरत नाहीत. मुधोळच्या घोरपड्यांकडची बहमनी काळातली म्हणून दाखवलेली फर्मानं, त्यांच्या अस्सलपणावरही मोठे वाद झाले. राजांच्या कागदांची ही तपासणी होते, तर आपल्या कागदाची झाली म्हणून आपला कमीपणा नाही.

तुमचं मूळ गाव नगरचं म्हणून पुणे सांगितलं. वाचणाऱ्यांत मराठवाड्यातले कुणी असतील तर तुमचे कागद हैदराबादच्या निजामाच्या राज्यातले, फारसी-उर्दूतले, त्यात ‘मुंतखब’ शोधा, तो इनाम-वतनाच्या चौकशीचा निकाल असतो, आणि हैदराबादलाही हात लावावा लागेल. कोल्हापूरकडच्यांसाठी तिथलंच पुराभिलेखागार. गोव्यातल्या देसाई-राणे मंडळींनी पणजीला जायचं, तिथं मोडीबरोबर पोर्तुगीजही वाचणारं माणूस लागेल. कोणत्याही ठिकाणी हवा तो कागद सापडला की त्याची प्रमाणित नक्कल मागा, कार्यालयाच्या शिक्क्यासह आणि रुमाल नंबर, कागद नंबर लिहून. फी किरकोळ असते. तुम्हाला फ्रेम करायचीच असेल तर ती नक्कल करा. त्या ३५ हजारांच्या होलोग्रामपेक्षा ती कोर्टातही टिकते आणि मुलाबाळांपुढंही.

तलवारीबद्दल, ती घराण्याची असेलही, पण पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही, पाती विकत मिळायची, परदेशी पात्यांना तर फिरंगच म्हणायचे. पुसताना ब्रासो लावू नका एवढंच.

आणि तो मोडी कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, कितीही फाटलेला असला तरी. लॅमिनेट केला की आतली शाई, कागदाची वीण, जोड, काहीच नीट बघता येत नाही आणि सोडवायला गेलं तर कागद जातो. दोन जाड पुठ्ठ्यांमधे मलमलीच्या कापडात गुंडाळून ठेवा. मला पूर्ण कागदाचे फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी पट्टी ठेवून. पुढची बाजू तुम्ही पाठवाल हे माहीत आहे, पण मागची बाजू विसरू नका, सगळे विसरतात. कागद जोडून लांब केलेला असेल तर जोडावर मागून शिक्का आहे का ते दिसलं पाहिजे, आणि कोपऱ्यात कुठंतरी बारीक अक्षरात ‘रुजू’ किंवा ‘बार’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो कागद कचेरीत दाखल झालेला होता. ते सापडलं तर पेशवे दफ्तरात त्याची जोडनोंद कोणत्या रुमालात बघायची ते मी तुम्हाला सांगू शकेन.